लोखंडाला गंजू द्यायचं होतं

सन्माननीय अध्यक्षमहोदय, आजच्या प्रमुख पाहुण्या, पाण्याच्या अभ्यासात सगळी हयात घालवलेल्या प्राध्यापक बाई, आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही प्रेमाने आणि थोडं नाइलाजाने मोठे साहेब म्हणतो, ते मोठे साहेब, समोरच्या गादीच्या खुर्च्यांवर बसलेले अधिकारीवर्ग, त्यांच्या मागे बिनगादीच्या खुर्च्यांवर बसलेले माझे सहकारी, तिसऱ्या रांगेत बसून, मी काय बोलणार या काळजीने पदराचं टोक पिळत असलेली माझी पत्नी, आणि सगळ्यांत शेवटी, दाराजवळच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेली ओढ्याकाठच्या आळीतली मंडळी. या सर्वांना माझा नमस्कार.

आळीतल्या मंडळींचं नाव घेतल्यावर व्यासपीठावर थोडी चुळबुळ झालेली मला दिसली. साहजिक आहे. निमंत्रणाच्या यादीत ही मंडळी नव्हती. त्यांना माझ्या बहिणीने आणलं. ती त्याच आळीत राहते आणि ती आणते म्हटल्यावर माणसं येतात. साहेब, चहाचे कप कमी पडले तर माझा आणि तिचा कप वगळा.

आत्ता माझ्याबद्दल जे मानपत्र वाचलं गेलं ते ऐकून मला भरून आलं. हा इतका सद्गुणी माणूस एकतीस वर्षं माझ्याच कपड्यांत वावरत होता आणि मला पत्ता नव्हता! ‘सचोटी’ हा शब्द तीनदा आला. ‘निर्मळ’ दोनदा. आणि शेवटचं वाक्य तर सोन्याने मढवावं असं आहे: ‘यांच्या कारकिर्दीत पाण्याविषयी एकही तक्रार आली नाही.’ साहेब, वाक्य अगदी खरं आहे. तक्रार करणारा माणूस मीच असायला हवा होता, आणि मी केली नाही. आज पाच वाजेपर्यंत माझी नोकरी आहे. तेवढ्यात ती करून घेतो.

सत्काराला उत्तर म्हणून मी दोन शब्द बोलावेत अशी सूचना होती. मला दोनाहून जास्त लागतील. जी गोष्ट सांगायची आहे ती मागच्या बाकांसाठी आहे, आणि मी जे पाणी स्वच्छ करतो असं तुम्ही सगळे समजत आलात त्या पाण्याबद्दल आहे. ती सरळ सांगून खाली बसावं हे बरं. पण मी सरळ सांगणारा असतो तर चार वर्षांपूर्वीच सांगितली असती. तेव्हा जरा वळणाने येतो, सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी थोडी ओळख. आमच्या कारखान्यात नळ, कड्या आणि कुलपं बनतात. आधी ती घडवतात, मग त्यांना चकचकीत मुलामा देतात, मग धुतात. त्या धुण्याच्या पाण्यात क्रोम येतं, निकेल येतं, तांबं येतं. माल पुढच्या दाराने गाडीतून जातो आणि हे पाणी मागच्या भिंतीशी, माझ्याकडे येतं. कारखान्यात सगळे वस्तू चमकवतात. चमकवताना जे उरतं ते बघायला मी. माझ्या विभागात चार टाक्या, दोन पंप, एक खुर्ची आणि भरपूर वास. पाहुण्यांची फेरी काढताना मला नेहमी शेवटी ठेवत, म्हणजे वेळ संपला असं सांगता यायचं.

नऊ वर्षांपूर्वी बाई आमच्याकडे आल्या. या आज व्यासपीठावर बसल्यात त्याच. तेव्हा त्यांना कोणी गुच्छ दिला नव्हता. त्या स्वतःच्या गाडीतून पोती उतरवत होत्या. पोत्यांत वाटाण्याएवढ्या काळ्या गोळ्या होत्या. मी विचारलं, “बाई, हे काय?” तर म्हणाल्या, “लोखंड आणि कोळसा. दोन्हीची पूड एकत्र मळून, हवा न लागू देता भाजलेली.” मला वाटलं, विद्यापीठात माणसांना फार मोकळा वेळ मिळतो.

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. मला खुर्चीवर बसवून समजावणारं माणूस या कारखान्यात पहिल्यांदाच भेटलं, म्हणून ते शब्द अजून लक्षात आहेत. म्हणाल्या, “काका, ही गोळी पाण्यात पडली की तिच्यातलं लोखंड झिजू लागतं. शेजारचा कोळसा त्या झिजण्याला जोर देतो. आणि लोखंड झिजता झिजता पाण्यातले जड धातू धरून ठेवतं. काही गोळीवर बसतात, काही गंजाच्या गाळात अडकून तळाला जातात.”

मी म्हटलं, “म्हणजे हे लोखंड गंजणार?”

“गंजायलाच हवं. गंजणं हेच त्याचं काम. ज्या दिवशी गंजायचं थांबेल त्या दिवशी मला कळवा. पंधरा दिवसांनी एकदा हलकं आम्ल घालून धुवा, सळईने ढवळा, गोळ्या एकमेकींना चिकटू देऊ नका.”

जाताना त्यांनी मला थेंबांची एक छोटी बाटली दिली. नमुन्यात चार थेंब टाकायचे. रंग बदलला नाही तर ठीक. जांभळा झाला तर पाण्यात क्रोम आहे, आणि वाईट जातीचं क्रोम आहे.

गोळ्या जाळीच्या आठ टोपल्यांत भरून आम्ही एका उंच नळकांड्यात एकावर एक बसवल्या. त्याला आम्ही मनोरा म्हणू लागलो. वरून पाणी सोडायचं, खालून निघालेल्या पाण्यात चुना घालायचा, गाळ बसू द्यायचा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या टाकीत तांबडा, दाट, बघवणार नाही असा गाळ साठला. वरून बघावं तर किळस यावी. गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी काढून त्यात चार थेंब टाकले, तर ढिम्म. रंग नाही. बाई टाकीच्या कठड्याला धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीसुद्धा पुसले. चुन्यामुळे असेल.

तीन वर्षं मनोरा असा चालला. दिसायला घाण, तपासणीत चोख. मग मोठे साहेब आले.

साहेब, घड्याळ बघू नका. आता तुमची स्तुती सुरू होते.

मोठे साहेब यंत्रशाळेतून वर आलेले. लोखंडातलं त्यांना सगळं कळतं. त्यांनी आल्या आल्या कारखान्याला एक शिस्त लावली, ती म्हणजे शनिवारचं तेल. दर शनिवारी कामाचा शेवटचा अर्धा तास प्रत्येकाने हातातलं काम सोडायचं आणि आपल्या विभागातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला गंजरोधक तेल लावायचं. लेथ, पाने, बिजागऱ्या, शिड्या. सोमवारी साहेब पांढरा रुमाल घेऊन फिरणार, रुमालाला तांबडा डाग लागला की गुण कापणार. महिन्याअखेर ज्या विभागात गंज सर्वांत कमी, त्याला पितळी ढाल. कल्पना उत्तमच आहे. सोळा विभागांपैकी पंधरांत उत्तमच आहे.

सोळावा माझा. माझ्याकडे तर गंज हाच कारभार. पहिल्याच सोमवारी साहेबांचा रुमाल माझ्या टाकीच्या कठड्यावरून उचलला गेला तो थेट कचऱ्यात गेला. फळ्यावर माझ्या विभागापुढे शून्य. यंत्रशाळेतले लोक जेवताना मला म्हणायचे, “काका, जरा लांब बसा, गंज लागेल.” घरी ही विचारायची, “सगळ्यांच्या भिंतीवर ढाल लागली, तुमची कधी लागणार?” हसू नका. एकदा आपल्या नावापुढे वर्षभर शून्य बघा म्हणजे कळेल.

मग एक दिवस साहेब मनोऱ्यावर चढले, वरची टोपली उघडून बघितली आणि त्यांना जवळजवळ चक्कर आली. म्हणाले, “काका, हे काय ठेवलंय? आख्खं लोखंड खाऊन चाललंय! याला तेल का नाही?”

“साहेब, हे गंजण्यासाठीच ठेवलंय.”

“काका,” साहेब म्हणाले, “माझी सव्वीस वर्षं लोखंडात गेली. गंजण्यासाठी ठेवलेलं लोखंड मी अजून बघितलेलं नाही.”

मी म्हटलं, “बाईंनी सांगितलंय.”

“बाईंना रुमाल घेऊन फिरावं लागत नाही. सर्व लोखंडी वस्तू म्हणजे सर्व. अपवाद नाही.”

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? बाईंचा नंबर माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता. चार पावलांवर. मी चार पावलं चाललो नाही. त्या शनिवारी मी आठही टोपल्या साखळीने वर ओढल्या आणि एकेक करून तेलाच्या पिंपात बुचकळल्या. अगदी मनापासून. गोळ्या कशा काळ्याभोर, तुकतुकीत दिसू लागल्या! एकतीस वर्षांत इतकं नीट काम मी दुसरं केलं नसेल. पुढच्या सोमवारी साहेबांचा रुमाल पांढराशुभ्र राहिला.

आणि पाणी? मनोऱ्यातून पाणी निघालं ते नितळ. तांबडेपणा नाही, गाळ नाही, काही नाही. टाकीचा तळ दिसत होता. लोक बघायला आले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, “बघितलंत? गंज काढला की पाणी आपोआप स्वच्छ होतं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या. लोखंड गंजायचं थांबलं, म्हणून गाळ थांबला; गाळ थांबला, म्हणजे धातू अडायचा थांबला, आणि क्रोम, निकेल, तांबं, सगळं त्या नितळ पाण्यातून कोणाला न दिसता ओढ्याकडे निघालं होतं. टाळ्या त्यालाच चालल्या होत्या म्हणायच्या. त्या महिन्याची ढाल आमची. ती अजून माझ्या खुर्चीवर टांगलेली आहे. नव्या माणसाने ती तशीच राहू द्यावी की नाही ते त्याने ठरवावं.

यशाला प्रसिद्धी हवी. म्हणून साहेबांच्या दालनाबाहेर काचेची मोठी पेटी आली, तीत मासे आले आणि पेटीवर पाटी आली: ‘आमच्या शुद्ध केलेल्या पाण्यात आनंदाने राहणारे मासे.’ पेटी भरण्याचा मान मला. मी मनोऱ्याखालचं पाणी आणून भरली. मासे आनंदाने राहिले. दीड दिवस.

मी त्याच रंगाचे, त्याच मापाचे सहा मासे आणून सोडले. तेही गेले. पुन्हा आणले. दुकानदाराने तिसऱ्या खेपेला मला बाजूला घेऊन विचारलं, “काका, राग मानू नका, पण तुम्ही हे खाता का?” चौथ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पेटी कार्यालयातल्या पिण्याच्या नळाने भरली. तेव्हापासून मासे मजेत आहेत. एकाला तर पिल्लं झाली. साहेबांनी त्यांचा फोटो कंपनीच्या पत्रिकेत छापला.

पुढे तर आणखी सोय झाली. तपासणीला येणारे अधिकारी थंड दालनात बसायचे. मागच्या भिंतीपर्यंत उन्हात कोण जाणार? साहेब म्हणायचे, “नमुना इथूनच घ्या, तेच पाणी आहे.” बाटली माशांच्या पेटीतून भरली जायची. ती भरून द्यायचा मी. अहवाल यायचा उत्कृष्ट. पिण्याच्या पाण्याला सांडपाणी म्हणून उत्तीर्ण करून दाखवणारा आमच्यासारखा दुसरा कारखाना असला तर मला दाखवा. याच अहवालांवर आपल्याला पुरस्कार मिळाला. अध्यक्षमहोदय, तो घ्यायला आपणच गेला होता. फोटोत आपण फार प्रसन्न दिसता.

तुम्ही म्हणाल, काका, तुम्हाला कळलं कधी? मासे मेले तेव्हाच. पण मन मोठं सोयीचं असतं, ते म्हणालं मासेच नाजूक असतील. मग एकदा फडताळ आवरताना बाईंची ती बाटली हाती लागली. मनोऱ्याखालचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात चार थेंब टाकले. आधी वाटलं काही होत नाहीये. मग नळी बुडापासून वरपर्यंत जांभळी झाली. गडद. इतका सुंदर रंग की कोणाला साडीला आवडावा.

ती नळी घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी ती खिडकीतल्या उजेडात धरली. म्हणाले, “काका, वीस तारखेला पुरस्काराची समिती येतेय. वीस तारखेनंतर बघू.” नळी टेबलावरच्या पेन्सिलींच्या भांड्यात ठेवली. मी बाहेर आलो.

साहेबांवर अन्याय नको. त्यांनी मला धमकी दिली नाही, नोकरीवरून काढतो म्हणाले नाहीत, आवाजही चढवला नाही. मी आजवर मनाला समजावत आलो की माझं तोंड बंद केलं गेलं. कुणी केलं? मीच मूग गिळून बसलो होतो. वीस तारीख गेली. तशा चार वर्षांतल्या सगळ्या वीस तारखा गेल्या. महिन्याच्या तक्त्यावर ‘पाणी समाधानकारक’ या ओळीखाली सही माझी आहे. साहेबांची नाही. ते हुशार आहेत.

ध्वनिक्षेपकाकडे कोण चाललंय? असू दे बाळ, बंद केलास तरी चालेल. माझा आवाज पंपाशेजारी तयार झालाय, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

आता त्या बाकांकडे येतो.

आमचं पाणी ओढ्यात जातं. ओढा आळीच्या मागून जातो. ओढ्यापासून वीस पावलांवर आळीची सामाईक विहीर आहे. बारा घरांची एक विहीर, त्यातलं एक घर माझ्या ताईचं. मेव्हणे गेल्यापासून मी दर रविवारी तिच्याकडे जातो. नळी जांभळी झाली त्या आठवड्यातल्या रविवारी मी खिशात ती बाटली घेऊन गेलो. विहिरीचं पाणी ग्लासात घेतलं, चार थेंब टाकले. कारखान्यासारखं गडद नाही झालं. फिकट झालं. पण झालं.

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय रे करतोस?” मी ग्लास मोरीत ओतला आणि म्हटलं, “ताई, विहिरीच्या तळाला गाळ साठलाय. हे पाणी पिऊ नकोस. मी तुला मोठ्या रस्त्यावरून नळ आणून देतो.” पंधरा दिवसांत नळ आला. फक्त तिच्या घरात.

बाकीची अकरा घरं विहिरीचंच पाणी पीत राहिली. मी त्यांना गाळाचंसुद्धा सांगितलं नाही. का, तर बारा घरांनी एकदम विचारलं असतं की गाळ कसला. एका बहिणीला थाप मारता येते. एका आळीला नाही.

आळीत ताईला काय काय ऐकावं लागलं ते मी ऐकलंय. ‘भाऊ कमावता आहे, हिला कशाला चालेल आमचं पाणी?’ तिला नळाची राणी म्हणत. तिने सगळं निमूट ऐकून घेतलं, कारण भावाने सांगितलंय म्हणजे काहीतरी असेल. आणि तिच्या शेजारच्या वहिनी, त्या बघा, दुसऱ्या बाकावर, मांडीवर नातीला घेऊन बसल्यात त्या, दर रविवारी मला हाक मारायच्या, “भाऊ, चहा टाकलाय, या.” मी म्हणायचो, “आत्ताच घेतला वहिनी.” चार वर्षं, दर रविवारी, आत्ताच घेतला. वहिनी, तुम्हाला वाटायचं हा माणूस शिष्ट आहे. शिष्ट असतो तर बरं झालं असतं. तुमच्या चहाच्या पाण्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. आणि वहिनी इतरांना सांगायच्या, “विहिरीला काय होतंय? हिचा भाऊच तर पाणी बघतो कारखान्यात. काही असतं तर बोलला नसता?”

परवा मी ताईला या समारंभाचं सांगायला गेलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “आता सुटलास. आता तरी खरं सांग, गाळच होता का?” मी सांगितलं. सगळं, मासेसुद्धा. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिने हातातली चादर पुरी घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “मला वाचवलंस, कारण मी तुझी बहीण. बाकीच्या अकरा घरांनी असा भाऊ कुठे शोधायचा होता?”

मी तीच चादर उचलून पुन्हा घडी घालू लागलो.

मग ती विळी घेऊन बाहेर गेली आणि तिने विहिरीचा दोर कापला. हो, दोर कापणारी ती. आळीत दोन दिवस चौकशी चाललीय, आडदांड पोरांवर संशय घेतला गेलाय, त्या पोरांची मी माफी मागतो. ती परत येऊन म्हणाली, “मी सांगितलं तर म्हणतील चार वर्षं हिला माहीत होतं आणि ही नळाचं पाणी प्यायली. माझ्याकडे कोणी बघणार नाही. तू सांग. माझ्या घरात नको, चारचौघांत सांग.” चारचौघांत म्हणजे कुठे, असं मी विचारलं. म्हणाली, “जिथे तुझी आरती ओवाळणार आहेत तिथे.”

म्हणून इथे सांगतोय. माझ्या बहिणीला काही माहीत नव्हतं. परवा संध्याकाळपर्यंत तिला गाळच माहीत होता. जे माहीत होतं ते मला आणि साहेबांना.

आज सकाळी पाहुण्यांची फेरी निघाली आणि या वेळी ती मागच्या भिंतीपर्यंत आली, कारण बाईंनीच हट्ट धरला. टाकीत तांबडं, गढूळ पाणी होतं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, “माफ करा, काकांचे शेवटचे दिवस, जरा दुर्लक्ष झालंय.” आणि बाई कठड्यावरून वाकल्या, हसल्या आणि म्हणाल्या, “दुर्लक्ष? अहो, हे तर काम करतंय!” साहेबांना काही कळलं नाही. बाई, आता तुम्हाला कळलं असेल की ते पाच वर्षांत पहिल्यांदा करतंय. गेले तीन शनिवार सगळे तेल लावत असताना मी टोपल्या उतरवून गरम सोड्याच्या पाण्यात तेल धूत होतो, मग हलक्या आम्लात. आठांपैकी तीन झाल्या. पाच उरल्या. माझे शनिवार संपले.

तेव्हा कोणी असं समजू नये की काकांनी जाता जाता सगळं ठीक केलं. ओढ्यात आजही क्रोम चाललंय, आणि विहिरीत पाच वर्षं जे मुरलं ते तीन टोपल्यांनी निघत नाही. कोणाच्या शरीरात काय झालंय हे मी सांगू शकत नाही. कोणी तपासलंच नाही, हीच तर आमची करामत.

अध्यक्षमहोदय, आपण साहेबांच्या कानात काही विचारताय. मोठ्याने विचारा, मलाही उत्तर ऐकायचंय. आणि उत्तर मिळो न मिळो, उद्या सकाळी आळीत पिण्याच्या पाण्याची गाडी पाठवा, आणि त्या मुलांना, बायकांना, म्हाताऱ्यांना तपासायला डॉक्टर पाठवा. बाई, आपण उठलात? ... बाई मागच्या बाकांकडे निघाल्यात. वाट द्या त्यांना. वहिनी, त्या विचारतील ते सगळं सांगा.

आता समारोप. समारंभ घडवून आणणाऱ्यांचे, मानपत्र लिहिणाऱ्या कविमनाच्या कारकुनाचे, ते धीरगंभीर आवाजात वाचणाऱ्या साहेबांचे आभार. माझ्या पत्नीचे आभार. तिलाही हे सगळं आत्ताच कळतंय, आणि घरी जायला मला भीती वाटतेय. ताईचे आभार मानत नाही, ते तिला आवडायचं नाही.

आळीतल्या मंडळींनो, येताना तुम्ही बाजारातून नवा दोर घेतलात असं मला कळलं. त्या बाकाखाली ठेवलाय तो मला इथून दिसतोय. तो विहिरीला बांधू नका. उद्या गाडी आली नाही तरी बांधू नका, मी येऊन सांगेपर्यंत बांधू नका, आणि मी सांगितलं तरी बांधू नका. बाईंनी सांगितलं तर बांधा.

मी काही वक्ता नाही. कुठे शब्द वावगा गेला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर त्याबद्दल मोठ्या मनाने मला माफ करा. चार वर्षांच्या सह्यांबद्दल करू नका.

नमस्कार.